रिकाम्या फोनचा साक्षीदार

माझ्या डोळ्यावरचं झाकण आज कुणी काढलेलं नाही, तरीही मी बोलणार आहे. मी एक व्हिडिओ कॅमेरा. हातात मावणारा, एका बाजूला पुस्तकासारखा उघडणारा इवला पडदा असलेला. भोरमधल्या एका संस्थेच्या कचेरीत कपाटावर माझा मुक्काम असतो. येणारे-जाणारे माझ्याकडे बोट दाखवून विचारतात, "हा अजून चालतो?" चालतो. हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत, म्हणून आता एकदाच सगळं सांगून टाकतो.

जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला. त्यातलं मला काही आठवत नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते गंगाधररावांनी मला खोक्यातून काढून, हळदीकुंकवाचं बोट लावून देव्हाऱ्यासमोर ठेवलं तेव्हा. गंगाधररावांचा भोरच्या बाजारपेठेत फोटो स्टुडिओ होता. लग्न, बारसं, सत्यनारायण, शाळेचं गॅदरिंग, कुठेही बोलावणं आलं की मला खांद्यावर टाकून निघायचे.

माणसं माझ्यासमोर आली की बदलतात, हे मी पहिल्याच लग्नात ओळखलं. आत्तापर्यंत जिलबीवरून भांडणारा मामा एकदम ताठ उभा राहून मिशी सारखी करतो. बायका आधी पदर बघतात, मग एकमेकींचा पदर बघतात. जेवणारा माणूस घास हातात धरून थांबतो, जणू मी चावेन. गंगाधरराव वैतागून म्हणायचे, "अहो, चालू ठेवा, चालू ठेवा." पण कुणी चालू ठेवत नसे.

एकच क्षण असा यायचा की तेव्हा समोरचा माणूस मला पूर्ण विसरून जायचा. नव्या नवरीला सगळे घेरायचे आणि ओरडायचे, "नाव घ्या, नाव घ्या." नवऱ्याचं नाव उखाण्यात घ्यायचं, एरवी नाही. तेव्हा त्या मुलीचा चेहरा बघावा. ओठ मिटलेले, पण आत काहीतरी चाललेलं. हनुवटी किंचित खाली. डोळे शेजारच्या बाईकडे जातात, ती सोडवेल या आशेनं. मग ती हाताची बोटं पदरात गुंडाळते. असे चेहरे मी इतके पाहिलेत की अंधारात दाखवलात तरी ओळखीन. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग मोबाईल आले. ज्याच्या त्याच्या हातात कॅमेरा. गंगाधररावांनी स्टुडिओत आधी झेरॉक्सचं मशीन आणलं, मग रिचार्जचा बोर्ड लावला, आणि मला मऊ फडक्यात गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवलं. शेजारी डांबरगोळ्या आणि जुन्या लग्नांच्या सीड्या. मी तिथे किती पडून होतो ते मोजलं नाही. रुसलो मात्र होतो. कपाट उघडलं की वाटायचं आज आपला नंबर, आणि निघायचा इस्त्रीचा शर्ट.

मला बाहेर काढलं श्रावणीनं. गंगाधररावांची मुलगी. पुण्यात सॉफ्टवेअरचं शिकून, तिथेच नोकरी करून, आता भोरमध्ये राहून काम करत होती. कामही मोठं चमत्कारिक. सॉफ्टवेअर लिहिण्याआधी ते कुणाला हवंय, कशाला हवंय, माणसं ते कसं वापरतील, हे विचारून नोंदून ठेवावं लागतं. त्या नोंदींना ही मंडळी रिक्वायरमेंट म्हणतात. श्रावणी ते विचारण्याचं काम करायची.

"बाबा, तुमचा हॅंडीकॅम देता?"

"मोबाईल आहे की तुझ्याकडे."

"मोबाईल समोर धरला की लोकांना वाटतं हे आत्ता व्हॉट्सॲपवर जाणार. कुणी धड बोलत नाही. आणि मला लोक फोनवर कसे बोलतात तेच तपासायचंय."

गंगाधररावांनी मला चार्जिंगला लावलं. लाल दिवा लागला तेव्हा मी मनाशी ठरवलं, आता परत कपाटात जायचं नाही.

काम होतं ते असं. मी आता जिथे असतो, त्या संस्थेची वेल्ह्यात एक जीप उभी असे, डोंगरातल्या गावांतले आजारी लोक दवाखान्यात पोचवायला. ड्रायव्हर एकच, चिमाजी. त्याचा फोन सारखा वाजायचा, अर्धे लोक पत्ता न सांगताच ठेवून द्यायचे. म्हणून संस्थेनं फोन उचलणारं एक यंत्र बसवलं. तुम्ही फोन करायचा, यंत्र बाईच्या आवाजात विचारणार, "पेशंटचं पूर्ण नाव सांगा." तुम्ही सांगितलंत की ते नाव गावोगावच्या यादीत शोधून, घर कुठल्या वाडीत आहे ते चिमाजीला कळवणार. उत्तर आलं नाही तर पुन्हा एकदा विचारणार आणि फोन ठेवून देणार. या सोयीला सगळे 'हाक' म्हणायचे. प्रोग्रॅम लिहिला होता शौनक नावाच्या इंजिनिअरनं. हुशार आणि कष्टाळू पोरगा, मूळचा भोरचाच.

आणि आता तो आणि संस्था दोघं एका अडचणीत होते. पासली आणि त्या बाजूच्या गावांतून रिकामे फोन यायचे. फोन लागायचा, यंत्र विचारायचं, पलीकडून काही नाही. शौनकचं म्हणणं पडलं की वर रेंज नाही, त्याला इलाज नाही. जीप एकच. मग ती रिकाम्या फोनांसाठी वेल्ह्यात उभी ठेवायची, की खाली आंबवड्याच्या बाजूला न्यायची, जिथून फोन नीट येतात? दिवाळीनंतरच्या बैठकीत ते ठरणार होतं. जीप हलली तर पासलीच्या माणसाला दवाखाना म्हणजे कुणाच्या तरी टेम्पोची वाट बघणं.

श्रावणी म्हणाली, "हलवण्याआधी एकदा जाऊन बघते." शौनक म्हणाला, "जा, पण रिपोर्ट मला लिहून दे, तासभराचे व्हिडिओ बघायला वेळ नाही."

नसरापूरमार्गे आम्ही वेल्ह्याला गेलो आणि तिथून चिमाजीच्या जीपनं वर पासलीला. भात कापणीला आलं होतं. गावकऱ्यांना आधी कळवलं होतं, आणि तिथेच घोटाळा झाला. पाहुणे येणार म्हणून लोकांनी काम बंद ठेवलं. देवळापुढे सतरंजी, त्यावर प्लास्टिकच्या खुर्च्या, बायका धुतलेली लुगडी-पातळं नेसून एका बाजूला. मला तिकाटण्यावर, म्हणजे ट्रायपॉडवर, बसवल्याबरोबर सगळे गप्प.

कुंडलिकराव म्हणून गावातले पुढारपण करणारे गृहस्थ होते. ते खुर्ची पुढे ओढून बोलले, "मशीन एकदम बेस्ट आहे म्याडम. म्या सोता दोनदा लावला फोन. वडलास्नी न्यायचं हुतं. वडलांचं नाव सांगितलं, गाडी आली."

"बायकांना काही अडचण येते का?"

"बायकांना ते जमत न्हाई. लाजत्यात."

श्रावणीनं बायकांकडे पाहिलं. धोंडाबाई पुढे बसल्या होत्या. उन्हानं रापलेल्या, साठीच्या आसपासच्या. त्या म्हणाल्या, "समदं चांगलंय." बाकीच्यांनी माना हलवल्या. मी ते सगळं इमानेइतबारे टिपलं. असल्या चित्रणाला गंगाधरराव लग्नाचा ग्रुप फोटो म्हणत. सगळे आहेत आणि काहीच घडत नाहीय.

श्रावणी मात्र उठली नाही. चहा झाला, बिस्किटं झाली. कुंडलिकराव कुणाच्या तरी हाकेला उठून गेले. मग ती खुर्ची सोडून सतरंजीवर बायकांत बसली आणि म्हणाली, "मला सांगू नका काही. करून दाखवता? त्या दिवशी फोन कसा लावला तसा."

बायका धोंडाबाईंकडे बघू लागल्या. मग ते बाहेर आलं.

आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत धोंडाबाईंचे मालक खाचरातच चिखलात बसले. छातीत कळ, अंगाला घाम. मुलगा हनुमंत पुण्यात. धोंडाबाई त्याचा जुना मोबाईल घेऊन वरच्या माळावर धावल्या, कारण पासलीत रेंज येते ती तिथेच. फोन लागला. यंत्र बोललं. आणि फोन तुटला. त्या माळावरून खाली पळत पलीकडच्या वाडीवर आपल्या मैत्रिणीकडे, बनाबाईंकडे गेल्या, बनाबाई त्यांच्यासोबत परत माळावर आल्या आणि बनाबाईंनी फोन लावला. गाडी आली. मालक वाचले. पण उशीर झाला तो झालाच. तेव्हापासून ते काठी घेऊन अंगणापुरते चालतात, खाचरात उतरत नाहीत.

"फोन तुटला म्हणजे रेंज गेली का?" श्रावणीनं विचारलं.

धोंडाबाईंनी पदर सारखा केला. "व्हय. तसंच काईतरी."

"चला माळावर."

"काढू दे का तुमचं शूटिंग?" हे तिनं वर पोचल्यावर पुन्हा विचारलं. ती दरवेळी विचारायची.

"काढ. पर मोबाईलवर सोडू नगंस."

माळावर वारा होता. तिकाटणं डगमगत होतं म्हणून चिमाजीनं पायाशी दगड लावले. माझी बॅटरी एव्हाना शेवटच्या रेघेवर आलेली. कपाटातल्या वर्षांनी तिचा दम गेला होता. पण मी ठरवलं, बंद पडायचं ते खाली उतरल्यावर. श्रावणी मांडीवर लॅपटॉप घेऊन यंत्राकडे काय पोचतंय ते बघत बसली. म्हणजे तिचे डोळे पडद्यावर होते, आणि माझा डोळा धोंडाबाईंवर.

त्यांनी फोन लावला. स्पीकर चालू होता.

"नमस्कार. पेशंटचं पूर्ण नाव सांगा."

आवाज नाही. फक्त वारा आणि बांगड्या.

"पेशंटचं पूर्ण नाव सांगा."

शेजारी उभ्या असलेल्या बनाबाई पुढे झुकल्या, फोनपाशी तोंड नेलं आणि खणखणीत आवाजात नाव सांगितलं. यंत्र म्हणालं, "धन्यवाद. गाडी निघत आहे." चिमाजीच्या खिशात फोन वाजला, सगळे हसले.

लॅपटॉपवर श्रावणीला दिसलं ते इतकंच, की उत्तर उशिरा आलं. तिनं तसं टिपून घेतलं. मी तिच्या हाताला हिसडे देऊ शकलो असतो तर दिले असते. अगं बाई, पडद्यावर काय बघतेस, इकडे बघ. मिटलेले ओठ, खाली गेलेली हनुवटी, शेजारणीकडे वळलेले डोळे, पदरात गुंडाळलेली बोटं. हा चेहरा मी ओळखत होतो. फक्त तो नव्या नवरीचा नव्हता आणि भोवती कुणी हसत नव्हतं.

भोरला परतल्यावर माझ्यातला आवाज एका प्रोग्रॅममधून काढून त्याचं आपोआप टायपिंग झालं. त्यात त्या जागी छापून आलं, 'उत्तर नाही'. पुढच्या ओळीत नाव. कुणी उच्चारलं त्याचा पत्ता नाही. शौनकनं तो कागद वाचला आणि म्हणाला, "बघ, मी म्हणत होतो. आवाज पोचायला वेळ लागतोय. रेंजचाच प्रश्न."

श्रावणीला पटत नव्हतं, पण का पटत नाही ते सांगता येत नव्हतं. दोन दिवस ती चिडचिड करत होती. आईनं विचारलं तर म्हणाली, "काहीतरी राहिलंय." मग एका दुपारी जेवताना तिनं मला ताटाशेजारी ठेवलं, पडदा उघडला आणि तो भाग लावला. गंगाधरराव समोर बसून वरणभात कालवत होते. सवयीनं त्यांची नजर पडद्यावर गेली आणि हात तसाच राहिला.

"मागे घे जरा."

तिनं मागे घेतलं.

"आवाज बंद कर. नुसतं बघ."

दोघांनी नुसतं बघितलं. गंगाधरराव म्हणाले, "अगं, हिला नाव घ्यायचंय. नवऱ्याचं. उभा जन्म लग्नाचं शूटिंग केलं, हे मला कळणार नाही होय?"

श्रावणीनं ताटावरून हात उचलला. "म्हणजे फोन तुटला नव्हता."

"तुटेल कशाला? तुमचं मशीन नाव घ्या म्हणत होतं, आणि ही माउली एकटीच माळावर."

मला त्या क्षणी इतकं बरं वाटलं, की माझा मीच बंद पडलो. बॅटरी खरोखरच संपली होती.

दुसऱ्याच दिवशी श्रावणी एसटीनं वेल्ह्याला आणि तिथून चालत, मिळेल त्या गाडीनं पासलीला गेली. मी पिशवीत होतो. या खेपेला आधी कळवलं नव्हतं, त्यामुळे खुर्च्या नव्हत्या. धोंडाबाई अंगणात भात वाळवत होत्या. मालक ओसरीवर काठी घेऊन बसलेले. त्यांच्यासमोर बोलणं होईना, म्हणून दोघी परसात गेल्या.

"आजी, त्या दिवशी तुम्ही नाव घेतलं नाहीत, म्हणून फोन ठेवला गेला ना?"

धोंडाबाईंनी हातावरची भाताची फोलं झटकली. मग म्हणाल्या, "घेनार हुते. तोंडापतूर आलं हुतं."

"मग?"

"नाव घेतलं का मान्साचं आयुष्य कमी हुतं म्हंत्यात. येरवी म्या इतकं मनावर घेत न्हाई गं. पर ते चिखलात पडल्यालं. जीव हितं आल्याला." त्यांनी गळ्याशी हात नेला. "तवा कसं घेऊ? माजंच त्वांड त्यान्ला न्यायचं, आसं वाटलं."

माझं झाकण काढलेलं होतं, परवानगी तिनं आधीच मागितली होती, आणि मी बघत होतो. लाजतात, जमत नाही, रेंज नाही. कुणीकुणी काय काय लिहिलं होतं. आणि ही बाई त्या माळावर नवऱ्याचा जीव वाचवायला उभी होती, आणि यंत्र तिला नेमकं तेच करायला सांगत होतं ज्यानं तो जाईल असं तिला वाटत होतं. मला काच आहे, पाणी येत नाही. नाहीतर आलं असतं.

धोंडाबाईंनी पदरानं चेहरा पुसला. "फुडच्या वक्ताला घेईन म्या. सवय करीन. गाडी हालवू नगा म्हनावं. एकट्या माजंच न्हाई, लई बायांचं आसंच हाय. त्या फोन लावत्यात आन् गप ऱ्हात्यात."

"तुम्ही नका सवय करू," श्रावणी म्हणाली. "मशीनला सवय लावू आपण. पण मला हे तिथं दाखवावं लागेल. दाखवू?"

धोंडाबाईंनी विचार केला. "दाखव. पर बनाबाई त्येंचं नाव सांगती ना, त्याच्या आदी बंद कर."

"करते."

दिवाळीनंतरची बैठक भर दुपारी संस्थेच्या कचेरीत झाली. अध्यक्ष नलूताई. सत्तरी ओलांडलेल्या, दवाखान्यात नर्स म्हणून नोकरी झालेली, बोलायला फटकळ. शौनकनं जीप आंबवड्याच्या बाजूला नेण्याचं कारण नीट मांडलं. श्रावणी म्हणाली, "मला रिपोर्ट वाचायचा नाही. दाखवायचंय." शौनकनं घड्याळाकडे बघितलं. नलूताई म्हणाल्या, "दाखवू दे की. बघून कुणाचे डोळे झिजत नाहीत."

मला टीव्हीला जोडलं. श्रावणीनं आधी पडदा झाकून फक्त आवाज ऐकवला. वारा, बांगड्या, यंत्राचा प्रश्न, पुन्हा प्रश्न. "काय ऐकू आलं?"

"काही नाही," शौनक म्हणाला. "तेच तर सांगतोय मी."

मग तिनं चित्र लावलं, आणि बनाबाईंचे ओठ उघडण्याआधी थांबवलं. धोंडाबाईंचा चेहरा भिंतीएवढा होऊन थांबला.

नलूताईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"आमचे हे जाऊन बारा वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "बँकेत गेले तरी कागदावर लिहून देते. अजून तोंडातून नाव आलेलं नाही माझ्या. आणि मी इथे अध्यक्ष म्हणून बसून तुमच्या त्या मशीनला मंजुरी दिली."

शौनक पडद्याकडे बघत होता. "माझी आजी," तो हळूच म्हणाला, "आजोबांना हाक मारायची असली की मला पाठवायची. मला वाटायचं तिचे पाय दुखतात."

खोलीत बसलेल्या प्रत्येकाच्या घरात ही गोष्ट होती. कुणाला ती नव्यानं शिकायची नव्हती. पण प्रश्न लिहिताना ती एकालाही आठवली नव्हती, कारण लिहिताना समोर चेहरा नव्हता.

धोंडाबाईंनी परसात जे सांगितलं तेही श्रावणीनं ऐकवलं. त्यानंतर जीप हलवण्याचा विषय कुणी काढला नाही. नलूताईंनी इतकंच विचारलं, "आता काय करायचं ते बोला. हळहळून उपयोग नाही."

शौनक उठून फळ्यापाशी गेला. पेशंटचं नाव विचारायचं नाही. फोन करणाऱ्याचं विचारायचं. तुमचं नाव काय, गाव कुठलं, गाडी कुणासाठी हवी. कुणासाठी याचं उत्तर 'आमच्या घरच्यांसाठी' आलं तरी चालेल, 'मालकांसाठी', 'पोरांच्या बापासाठी' आलं तरी चालेल. गप्प राहिलं कुणी, तर फोन ठेवायचा नाही, चिमाजीला जोडून द्यायचा. लिहिता लिहिता तो थांबला. यादीत बायकांची नावंच नव्हती. पहिल्या खेपेला फक्त घरातल्या कर्त्या पुरुषाचं नाव लिहून घेतलं होतं.

"मग नव्यानं करू यादी," श्रावणी म्हणाली. "पण या वेळी लिहून नाही. प्रत्येकीच्या तोंडून. त्या जसं म्हणतात तसं मशीनला ऐकू आलं पाहिजे."

तो सगळा हिवाळा आम्ही फिरलो. मी, श्रावणी, आणि आता आमच्याबरोबर शौनकही, तिकाटणं खांद्यावर घेऊन. नवी बॅटरी मला भोरमध्ये मिळाली नाही. ती शौनकनं पुण्यातून शोधून आणली. ज्याला व्हिडिओ बघायला वेळ नसायचा, तो आता दर संध्याकाळी माझ्यासमोर मांडी घालून बसायचा.

बायकांना स्वतःचं नाव विचारलं की आधी उत्तर यायचं, "हनुमंताची आय." "थोरल्या घरची सून." "तसं नाही, तुमचं." मग हसू, मग शेजारणीकडे बघणं, आणि मग नाव. काहींनी ते इतक्या हळू सांगितलं की तीनदा घ्यावं लागलं. ठकुबाई म्हणून एक म्हातारी होती, तिनं उलट विचारलं, "कंचं सांगू? म्हायारचं का सासरचं?" शौनक गोंधळला, मग म्हणाला, "दोन्ही सांगा." म्हातारीनं माहेरचं नाव सांगितलं आणि आपल्याच आवाजाकडे कान देऊन बसून राहिली. म्हणाली, ते नाव ऐकूनसुद्धा लई दिवस झाले.

इतकी लग्नं टिपली, पण पंगतीमागे राबणाऱ्या या बायका माझ्या चौकटीत कधी आल्याच नव्हत्या. आता एकेक जण मधोमध बसून, सरळ माझ्या डोळ्यात बघून नाव सांगत होती.

शौनकच्या संगणकावरच्या नव्या कागदांत प्रत्येक गरजेच्या ओळीशेजारी एक चित्रफीत जोडलेली आहे. पहिलीच ओळ अशी, 'फोन करणाऱ्या बाईला नवऱ्याचं नाव घ्यावं लागू नये.' तिच्यावर बोट ठेवलं की धोंडाबाईंचा चेहरा दिसतो, आणि नावाआधी चित्र थांबतं.

उन्हाळ्यात एका सकाळी कचेरीतला फोन बोलू लागला. नवं यंत्र तिथे स्पीकरवर ठेवलेलं असतं.

"नमस्कार. तुमचं नाव सांगा."

"धोंडाबाई. पासली."

"गाडी कुणासाठी हवी?"

"आमच्या घरच्यांसाठी. बिगी बिगी पाठवा."

आवाज कापत होता, पण एकदाही अडला नाही. शौनक खुर्चीतून उठून उभा राहिला. करण्यासारखं त्याच्याकडे काहीच नव्हतं, वेल्ह्यात चिमाजीनं जीप केव्हाच काढली होती. तो तरी उभाच राहिला, गाडी पोचल्याचा निरोप येईपर्यंत.

मालक या वेळी वेळेत पोचले. बरे झाले. परत जाताना नवराबायको दोघं भोरला कचेरीत आले, नलूताईंना भेटायला, हातात घरच्या तांदळाची पिशवी. श्रावणीनं मला कपाटावरून काढलं. "काढू का?" तिनं विचारलं.

एव्हाना माझ्या काचेच्या आत बुरशी धरली होती. पासलीच्या दमट हवेचा तो प्रसाद. चित्र धुरकट येतं, माणूस ओळखू येईलसं वाटत नाही. आवाज मात्र स्वच्छ.

शौनकनं मालकांना यादीत टाकायला म्हणून विचारलं, "आबा, तुम्ही फोन केलात तर गाडी कुणासाठी सांगाल?"

मालक धोंडाबाईंकडे बघत राहिले. जुन्या वळणाचा माणूस. बायकोला उभ्या जन्मात 'अगं' आणि 'ऐकलं का' यापलीकडे हाक मारलेली नसणार.

"तिनं माजं नाव घेऊ ने," ते म्हणाले. "तिचा भरवसा हाय त्याच्यावर, ऱ्हाऊ दे. माज्यावर तसली काय आडकाठी न्हाई." मग काठीवर दोन्ही हात ठेवून, माझ्या बाजूला तोंड करून त्यांनी सावकाश नाव घेतलं. "धोंडाबाई."

धोंडाबाईंनी तोंडाला पदर लावला असावा. धुक्यात मला नीट दिसलं नाही. बांगड्या मात्र ऐकू आल्या.

आता मला दुरुस्तीला द्यायचं की मोडीत काढायचं, यावर कचेरीत बोलणं चाललंय. मी हटून बसलोय, मोडीत जाणार नाही. पानशेतच्या बाजूच्या गावांचं काम अजून व्हायचंय, तिथल्या बायका अजून माझ्यासमोर बसलेल्या नाहीत. काच बदला, नाहीतर माझ्या जागी दुसरा आणा, पण कुणीतरी समोर ठेवा. माणसांसाठी काही बनवायला निघालेल्या हुशार पोरांनो, लिहायला बसण्याआधी त्यांच्या तोंडाकडे एकदा बघून या. एवढंच मागणं आहे माझं.

राहता राहिलं मालकांचं नाव. माझ्या कार्डावर ते आहे, बनाबाईंच्या खणखणीत आवाजात, वाऱ्यासकट. तुम्ही इथवर ऐकलंत तर विचाराल, काय होतं ते. मी धोंडाबाईंना मनातल्या मनात शब्द दिलाय. ते नाव मी घेणार नाही.